पत्र्याखालचे सत्तेचाळीस

त्या वर्षी मार्च महिन्यात सातवीतल्या एका मुलीनं तक्त्यावर लिहिलेला आकडा मी लाल पेनानं खोडला. सगळ्या वर्गासमोर खोडला. पुढं काय झालं ते सांगायचं, तर मी तेव्हा कशी राहत होते हेही थोडं सांगावं लागेल.

मी मूळची अमरावतीची. वडील पौरोहित्य करायचे, भाऊ वकील झाला आणि मी बी.एस्सी., बी.एड. करून शिक्षिका झाले. लग्न झालं नाही. दोन ठिकाणी बोलणी होऊन फिसकटली, मग वडील आजारी पडले, त्यांच्यामागे आई, आणि हळूहळू घरात तो विषय निघेनासा झाला. नोकरी अकोल्याला लागली तेव्हा मी गावाच्या कडेला शाळेजवळच एक खोली भाड्यानं घेतली. शनिवारी शाळा सुटली की रेल्वेनं बडनेरा, तिथून ऑटोनं घर, आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत, असं कितीतरी वर्षं चाललं. आई होती तोवर त्या जाण्याला अर्थ होता. ती माझ्यासाठी काही ना काही झाकून ठेवायची आणि मी येईपर्यंत जेवायची नाही.

आई गेल्यावरही मी जात राहिले. भाऊ-वहिनी वाईट माणसं नाहीत. पण एका शनिवारी मी पोचले तर दाराला कुलूप. फोन केला तर वहिनी म्हणाली, "अगं, आम्ही नांदगाव खंडेश्वरला लग्नाला आलोय. तुला सांगायचंच राहिलं की काय?" मागं बँड वाजत होता. मी म्हटलं, "काही हरकत नाही." पायरीवर बसून बाटलीतलं पाणी प्यायले आणि त्याच ऑटोवाल्याला थांबवून बडनेऱ्याला परत आले. त्यानंतर शनिवारी अकोल्यातच राहू लागले. कुणी विचारलंही नाही, का येत नाहीस म्हणून.

रविवार फार मोठा असतो. कपडे धुवून, वर्तमानपत्र वाचून, दोन पोळ्या करून झाल्या तरी घड्याळात साडेदहाच वाजलेले असायचे. मग मी सोमवारचे पाठ काढायला बसायची. त्यामुळे त्या काळातले माझे पाठ फार नीट होते, एवढा एक फायदा.

मार्चमध्ये शाळा सकाळची झाली आणि सातवीचा उष्णतेचा पाठ आला. मी तीन घमेली आणवली. एकात कोमट पाणी, एकात माठातलं गार आणि एकात हात बुडवता येईल इतपत गरम. मुलांनी एक हात गरम पाण्यात, एक गार पाण्यात धरायचा आणि मग दोन्ही हात एकदम कोमट पाण्यात घालायचे. पहिल्याच मुलानं हात घातले आणि तो ओरडला, "मॅडम, हा हात म्हणते थंडं हाय, अन् हा म्हणते गरम हाय!"

"मग खरं कोण बोलतंय?"

"दोघंही खोटं बोलून राहिले."

वर्ग हसला. म्हणून तर मोजायला साधन लागतं, असं म्हणत मी लाल रेषेचं तापमापक वर धरलं. उष्णता आणि तापमान वेगवेगळं कसं, हे समजावताना मी विचारलं, "कपभर उकळता चहा आणि बादलीभर गरम पाणी, यात उष्णता जास्त कशात?" बहुतेकांनी चहा सांगितला. मागच्या बाकावरची एक मुलगी न उठताच म्हणाली, "चहानं तोंड भाजते मॅडम, पण आंघोळ तं बादलीनंच होते." इतकी वर्षं शिकवूनही मला एवढं सोपं उत्तर सुचलं नव्हतं. चहा जास्त तापलेला, पण बादलीत उष्णता जास्त साठलेली. मी तिला उभं करून तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं.

ती मुलगी म्हणजे पुढं जिचा आकडा मी खोडला, तीच.

तिचे आईवडील शाळेपलीकडं दुसऱ्याच्या जमिनीवर झेंडू आणि शेवंती लावायचे. सकाळी ती वर्गात आली की तिच्या दप्तराला झेंडूचा उग्र वास यायचा. कमी बोलायची. बोलली तर थेट बोलायची, आणि पुण्याकडून आलेल्या आमच्या एका सरांना तो उर्मटपणा वाटायचा. मला वाटत नसे. निदान मी तसं समजत होते.

प्रयोगशाळेत चार चांगली तापमापकं होती. मी ठरवलं की रोज चार मुलांनी ती घरी न्यायची, दुपारी दोन वाजता घरातलं तापमान घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी तक्त्यावर लिहायचं. मुख्याध्यापक म्हणाले, "फुटली तर?" मी म्हटलं, "फुटली तर मी आणीन." कपाटात पडून राहिलेली तापमापकं फुटत नाहीत, पण ती कशासाठी होती हेही कुणाला आठवत नाही.

तक्ता भरत गेला. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. कूलर असलेल्या घरी चौतीस. मुलं एकमेकांचे आकडे वाचायची, भांडायची. पाचव्या दिवशी त्या मुलीनं ओबडधोबड अक्षरात लिहिलं, सत्तेचाळीस.

त्या दिवशीच्या पेपरात अकोल्याचं तापमान एकेचाळीस दिलं होतं. मी विचारलं, "उन्हात ठेवलं होतंस का?"

"नाई मॅडम. घरात."

"चुलीजवळ?"

"चूल भाईर हाय आमची."

"मग सत्तेचाळीस कसं येईल? बाहेर एकेचाळीस असताना घरात सत्तेचाळीस?"

कुणीतरी मागून म्हणालं, "इच्या घरात इस्तू लागला असंन!" घराला विस्तव लागल्याच्या या थट्टेवर सगळे हसले. मी हसले नाही, पण हसणाऱ्यांना थांबवलंही नाही. म्हटलं, "विज्ञानात मनाचं लिहायचं नसतं. खोटा आकडा लिहिण्यापेक्षा जागा रिकामी ठेवावी." आणि पेन काढून आकड्यावर रेघ मारली.

तिनं माझ्याकडं बघितलं. "तुमी येऊन पाहा," ती म्हणाली आणि खाली बसली.

शाळा सुटताना तिनं तापमापक परत दिलं ते धुतलेल्या चिंधीत गुंडाळून, वर दोरा बांधून. त्यानंतर ती वर्गात एक शब्द बोलली नाही. मी प्रश्न विचारला की वहीत बघायची.

त्याच आठवड्यात मला ताप भरला. सकाळी शाळेत अंग कसकसत होतं, घरी आले तोवर उभं राहवेना. आईसाठी घेतलेलं तापमापक कपाटात होतं. लावलं. एकशे दोन आणि वर चार. हातात ते यंत्र धरून मी खाटेवर बसले आणि माझ्या लक्षात आलं की हा आकडा सांगायला खोलीत कुणी नाही. लहानपणी आई तापमापक उजेडाकडं धरून वाचायची आणि वडिलांना मोठ्यानं सांगायची, "एकशे एक आहे हो!" मग वडील चप्पल घालून डॉक्टरांकडं निघायचे. आकडा ऐकून कुणीतरी उठायचं.

मी भावाला फोन केला. "एकशे दोन ताप आहे रे मला."

"हो का? औषध घेतलंस ना? पाणी भरपूर पी." मागून त्याला कुणीतरी हाक मारली. "पक्षकार आलेत गं. संध्याकाळी करतो फोन."

संध्याकाळी फोन आला नाही. कामात विसरला असेल. मी गोळी घेऊन भिंतीकडं तोंड करून पडले, आणि तेव्हा मला ती मुलगी आठवली. तिनंही मोजलं होतं, नीट मोजलं होतं, आणि आणून मला सांगितलं होतं. मी त्यावर रेघ मारली होती.

तीन दिवसांनी ताप उतरला. चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी प्रयोगशाळेतलं तापमापक पर्समध्ये टाकलं आणि तिचं घर विचारत निघाले. डांबरी रस्ता संपल्यावर पायवाट, मग फुलांचे वाफे आणि त्यांच्या टोकाला विटांची एक खोली. वर पत्रे, इतके खाली की दारातून आत जाताना मला वाकावं लागलं. मागची अर्धी भिंतही पत्र्याचीच. आजूबाजूला सावलीसाठी एक झाड नाही.

आत खाटेवर एक बाई पडून होती. वयानं माझ्याएवढीच असावी. मुलगी तिच्या पायांवर ओला पंचा पसरत होती. मला पाहून ती उठली.

"ह्या कोण?" मी विचारलं.

"आत्या. मांडीचं हाड मोडलं तिचं. सळई टाकली डाक्टरनं. महिना झाला, उठू देत नाई."

बाई हसली. "तुमीच का मॅडम? पोरगी म्हने, येतीन एक दिवस. बसा. बसा म्हनते मी, पन इथं बसनं म्हंजे तव्यावर बसनं हाय."

तिचं सासर होतं, पण तिथून ती कधीच परत आली होती, आणि भावाकडं राहत होती. भाऊ-भावजय दिवसभर वाफ्यांवर किंवा बाजारात. शाळा सुटली की मुलगी येऊन आत्याजवळ बसायची. टेबलफॅन चालू होता, पण त्याचा वारा उघड्या भट्टीसमोर उभं राहावं तसा लागत होता. मी तापमापक खाटेजवळच्या खिळ्याला अडकवलं, आत्याच्या डोक्याच्या उंचीवर. मुलीनं आधी तिथंच अडकवलं होतं. पाच मिनिटं थांबले. शेहेचाळीस. आणखी पाच मिनिटांनी सत्तेचाळीसच्या रेषेला लाल धार टेकली. बाहेर येऊन भिंतीच्या चिंचोळ्या सावलीत धरलं, तर बेचाळीस.

आत्यानं विचारलं, "मले ताप तं नाई ना मॅडम? रोज दुपारी अंग लय जळते."

मी तिच्या कपाळाला हात लावला. निरोगी माणसाचं अंग सदतीस अंश सेल्सिअस असतं. ही बाई स्वतःच्या अंगापेक्षा दहा अंशांनी गरम हवेत महिनाभर उताणी पडून होती. अशा हवेत पंखा अंगाला गारवा देत नाही, बाहेरची उष्णताच अंगावर आणून टाकतो. ओला पंचा तेवढा उपयोगाचा. त्यातलं पाणी वाळताना अंगाची उष्णता घेऊन जातं. हे पुस्तकात आहे, मी शिकवलं होतं. आणि बारा वर्षांची मुलगी, जिला मी खोटारडी ठरवलं, ती ते रोज करत होती.

"चुकलं माझं," मी तिला म्हटलं. "तुझा आकडा बरोबर होता."

ती म्हणाली, "मले माहीत होतं." मग पंचा नीट करून, "पानी घेता का मॅडम?"

दुसऱ्या दिवशी मी वर्गात तोच तक्ता पुन्हा लावला आणि खोडलेल्या जागेशेजारी स्वतःच्या हातानं सत्तेचाळीस लिहिलं. म्हटलं, "मी न बघता खोडलं होतं. काल जाऊन बघितलं. आकडा खरा आहे, चूक माझी होती." मुलं एकमेकांकडं बघू लागली. शिक्षकानं चूक झाली म्हणावं याची मुलांना सवय नसते. मला तरी कुठं होती?

मग मी फळ्यावर प्रश्न लिहिला. बाहेर सावलीत बेचाळीस, तर घरात सत्तेचाळीस का? अर्धा तास चर्चा चालली. पत्रा उन्हानं तापतो, तापलेला पत्रा खाली उष्णता सोडत राहतो, खोलीतली हवा बाहेर जायला वाट नाही, असं मुलं एकेक शोधत गेली. "मग काय करायचं?" मी विचारलं. एक म्हणाला पत्रा काढून टाका. दुसरा म्हणाला चुना मारा, पांढऱ्यावर ऊन टिकत नाही. कुणी म्हणालं, आमच्या गोठ्यावर पऱ्हाट्या टाकतात, वर ओली पोती.

"करून पाहू," मी म्हटलं. मुलीनं मान वर करून त्या रेघेनंतर वर्गात पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.

तिच्या वडिलांना पटवायला दोन दिवस लागले. आधी पत्र्यावर चुना झाला. दुपारी दोनला चार मुलांनी जाऊन मोजलं. त्रेचाळीस. मग कापूस निघून गेलेल्या शेतातून पऱ्हाटीच्या वाळक्या काड्या आणून त्यांचा जाड थर अंथरला, वर गोणपाट, आणि मागच्या पत्र्यात वरच्या बाजूला वीतभर फट ठेवली. सकाळ-दुपार गोणपाटावर पाणी. तिसऱ्या दिवशी लाल रेषा चाळीसवर थांबली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. आत्या खाटेवरून म्हणाली, "काय झालं वो? कोनी जिकलं का?"

वडील कमरेवर हात ठेवून वर पत्र्याकडं बघत होते. "मॅडम," ते म्हणाले, "हे पयले काहून नाई सांगतलं?"

चाळीस म्हणजे काही गार नव्हतं. पण त्या दुपारी आत्याला झोप लागली. महिन्याभरात पहिल्यांदा, असं मुलगी म्हणाली.

परीक्षा होईपर्यंत मी रोज दुपारी तिकडं जात राहिले. निमित्त आकड्यांचं होतं. तापमान घेऊन वहीत लिहायला दोन मिनिटं लागतात, मी दीड तास बसायची. आत्याला पडल्या पडल्या हार गुंफता यायचे. तिनं मला सुईत किती पाकळ्या घ्यायच्या ते दाखवलं. माझे हार वाकडे व्हायचे, ती ते बाजूला काढून ठेवायची आणि म्हणायची, "हे आपल्या घरच्या देवाले." आम्ही फार मनातलं असं काही बोललो नाही. एकदाच तिनं विचारलं, "तुमच्या खोलीत किती अस्ते वो गरम?"

"मोजलं नाही कधी."

"कोनी पायते का तुमाले, दुखलंखुपलं तं?"

मी म्हटलं, "भाऊ आहे ना अमरावतीला." तिनं दोरा दातानं तोडला. तिलाही भाऊ होता. पण तिचा भाऊ संध्याकाळी आला की आधी खाटेजवळ येऊन उभा राहायचा आणि मग हातपाय धुवायला जायचा. मी ते रोज बघायची.

आमची शाळा सातवीपर्यंतच. निकाल लागला, सुट्ट्या झाल्या. मे महिना मी भावाकडं काढला, कारण तिथं भाचीचं लग्न होतं आणि कामाला माणूस हवं होतं. जूनअखेर परत आले तेव्हा फुलांच्या वाफ्यांत चुन्याच्या रेघा मारलेल्या होत्या. मालकानं जमीन प्लॉट पाडायला दिली होती. खोलीचे पत्रे काढून नेलेले, भिंती तेवढ्या उभ्या. शेजारच्या पानठेलेवाल्यानं सांगितलं, "थे गेले दर्यापूरकडं. साळ्याचं वावर हाय म्हने तिकडं." फोन नंबर मी कधी घेतलाच नव्हता. रोज भेटणाऱ्या माणसाचा कोण घेतं!

त्या पावसाळ्यात मी पुन्हा शनिवार-रविवार खोलीतच काढू लागले. दिवाळीनंतर एका अनोळखी नंबरवरून फोन आला. मुलीनं शाळेतून माझा नंबर मिळवला होता. आठवीत नाव घातलं होतं, विज्ञानाचे सर फक्त वाचून दाखवतात, आत्या काठीनं चालते. एवढं एका दमात सांगून ती म्हणाली, "ठेवतो मॅडम, बाबाले मोबाइल पायजे." मी नंतर दोनदा लावला. नंबर बंद होता.

दोन वर्षांनी मला एका प्रशिक्षणासाठी दर्यापूरला जावं लागलं. ते दुपारी लवकर संपलं. एसटी स्टँडबाहेर फुलांच्या तीन-चार टपऱ्या होत्या. दुसऱ्या टपरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर आत्या बसली होती, मांडीवर झेंडूचा ढीग, काठी खुर्चीला टेकवलेली. केस बरेच पांढरे झाले होते. मी समोर जाऊन उभी राहिले. तिनं आधी गिऱ्हाईक समजून हार उचलला, आणि मग तो खाली ठेवला.

"मॅडम! तुमी तं लय वाळल्या वो."

मुलगी दहावीला होती, शिकवणीला गेली होती. संध्याकाळी येणार होती. भाऊ वावरात. आत्यानं शेजारच्या टपरीतून चहा मागवला. दर मिनिटाला कुणीतरी हार मागायला येई आणि आमचं बोलणं तुटे. गर्दी जरा ओसरली तशी ती म्हणाली, "आज राहा. पोरगी तुमची आठवन काढते. भाकर खाऊ, सकाळी जा."

मी म्हटलं, "उद्या शाळा आहे."

उद्या रविवार होता. तिच्या ते लक्षात आलं की नाही, मला सांगता येणार नाही. टपरीवाल्यांना वार कळतातच. तिनं खाली ठेवलेला हार उचलला आणि म्हणाली, "बरं. मंग पोरीले सांगतो, आल्त्या म्हनून."

मी का राहिले नाही, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. कुणी राहा म्हणायची सवय मोडली की होकार देणं जड जातं, एवढंच सुचतं. आणखी काही असेल तर मला ते अजून सापडलेलं नाही. ऊन उतरता उतरता अकोल्याची गाडी लागली, खिडकीजवळची जागा मिळाली. बस वळण घेत होती तेव्हा टपरीसमोर पाठीला दप्तर लावलेली, उंच झालेली एक मुलगी सायकलवरून उतरताना दिसली. आत्यानं काठीनं बसकडं दाखवलं. मुलगी वळून बघू लागली, पण बसच्या खिडक्या खूप होत्या आणि मी हात बाहेर काढेपर्यंत बस पुढं निघून गेली होती.